सोसायटीसाठी अल्ट्रासोनिक वॉटर मीटर: घ्या, पण आधी पाइप बघा

अल्ट्रासोनिक मीटर ध्वनिलहरींनी पाण्याचा प्रवाह मोजतो; आत फिरणारं चाकच नाही, त्यामुळे टँकरच्या गाळाने हा मीटर अडकत नाही. खरी कमाल रात्रीच्या आकड्यांत. पहाटे 2 ते 4, सगळे झोपलेले असताना मिनिटाला 0.2 लिटर वाहत असेल, तर बहुधा फ्लशचा वॉशर गेलाय. म्हणजे दिवसाला 288 लिटर गटारात! बसवताना मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या 10 पट सरळ लांबी ठेवा, 15 मिमीला 150 मिमी. अर्धवट भरणाऱ्या पाइपवर लावलात तर हवेच्या बुडबुड्यांनी रीडिंग भरकटतं. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर, बाथरूम, संडास अशा लाइनी वेगळ्या, म्हणून एका फ्लॅटला 3 वॉटर मीटर लागतात. खर्च फुगतो तो इथेच. मीटर वायरलेसने रीडिंग पाठवणारा असेल, तर डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) सिग्नल येतो का, तेही ऑर्डरआधी तपासा.