व्हीस्टॅकवर काढलेला द्राक्षाचा एक हंगाम

दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसचा हिशेब मी बघते. माल दिंडोरी, निफाड आणि चांदवडहून येतो आणि तीन मुकादम आपापल्या एक्सेल टेबलात क्रेटच्या नोंदी भरतात. गेल्या वर्षापर्यंत रोज संध्याकाळी तिन्ही याद्या कॉपी करून एकाखाली एक चिकटवायचे. एखादी राहिली की दुसऱ्या दिवशी शेतकरी पावती घेऊन दारात हजर.

यंदा जानेवारीपासून एक्सेलमधलं व्हीस्टॅक (VSTACK) वापरतेय, म्हणजे याद्या एकाखाली एक जोडणारं फंक्शन. कंसात तिन्ही टेबलांची नावं द्यायची, बस. मुकादमाने खाली नवी ओळ भरली की टेबल आपोआप वाढतं आणि ती ओळ एकत्र यादीतही येते. माझे रोजचे पाऊण तास वाचले. फॉर्म्युला मात्र टेबलाबाहेर मोकळ्या जागेत लिहावा लागतो, नाहीतर स्पिलचा एरर येतो, म्हणजे उत्तर खालच्या खान्यांत पसरू शकत नाही.

फेब्रुवारीत मात्र एका प्लॉटसमोर 570 क्रेट आणि 38 किलो दिसले, तेव्हा पोटात गोळाच आला. चांदवडच्या टेबलात वजनाचा कॉलम क्रेटच्या आधी सरकला होता. व्हीस्टॅक मथळा वाचत नाही, फक्त जागा बघतं. पहिल्याखाली पहिला, दुसऱ्याखाली दुसरा. एररही येत नाही, म्हणून हे फार जपायला हवं. तेव्हापासून प्रत्येक टेबलातले कॉलम नावाने उचलते: कॉलम शेजारी-शेजारी लावणाऱ्या एचस्टॅकमध्ये (HSTACK) नाव, क्रेट, वजन याच क्रमाने, आणि असे तीन एचस्टॅक व्हीस्टॅकमध्ये. आता कुणी कॉलम कितीही हलवले तरी बिघडत नाही.

पावती क्रमांकासाठी शेतकरी आणि प्लॉट हे दोन कॉलम 'अँड'च्या चिन्हाने (&) जोडते. तिथे मध्ये आडवी रेघ हवीच. शेतकरी 1, प्लॉट 12 आणि शेतकरी 11, प्लॉट 2, दोन्हींचं रेघेविना 112 होतं आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर चढतात. तारीख जोडताना ती आधी टेक्स्ट फंक्शनमध्ये घाला. नाहीतर 15 फेब्रुवारी 2025 च्या जागी 45703 हा एक्सेलचा आतला आकडा उमटतो.

एकत्र यादीत रिकाम्या खान्यांचं शून्य होतं. वजन करायचं राहिलेला माल शून्य किलोचा दिसू नये म्हणून वजन भरलेल्या ओळीच फिल्टर फंक्शनने घेते.

हे सगळं मायक्रोसॉफ्ट 365, एक्सेल 2024 किंवा वेबवरच्या एक्सेलमध्ये चालतं, एक्सेल 2021 मध्ये व्हीस्टॅक नाही. आमच्या सीए साहेबांकडे जुनं एक्सेल आहे, म्हणून त्यांना पाठवायच्या फाइलमध्ये फॉर्म्युले काढून नुसत्या व्हॅल्यू पेस्ट करते.