सीसीएनए की नेटवर्क प्लस? पहिलं सर्टिफिकेट निवडताना

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, सांगलीत बीएस्सी कॉम्प झालाय, म्हणे दादा नेटवर्किंगच्या नोकरीसाठी इथला एक क्लासवाला सांगतोय आधी नेटवर्क प्लस कर मग सीसीएनए, दोन्हीचं पॅकेज देतो, भरू का पैसे? म्हटलं थांब जरा, रविवारी बोलू. हाच प्रश्न वर्षातनं चारपाच पोरं तरी विचारतात, कुणी डिप्लोमावाला, कुणी बीपीओत नाइट करून कंटाळलेला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

नोकरी भारतात बघायची असेल आणि खिशात एकाच परीक्षेचे पैसे असतील तर सीसीएनए. बाकीच्या तिघी वाईट नाहीत, पण त्यांची गिऱ्हाइकं वेगळी. चार कुठल्या म्हणाल तर राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्कोची सीसीएनए, सिस्कोचीच छोटी सीसीएसटी, कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस आणि सिस्कोसारख्याच जुनिपर कंपनीची जेएनसीआयए.

फरक सिलॅबस वाचून कळत नाही, सगळ्यात ओएसआयचे (नेटवर्कचं काम टप्प्यांत मांडणारं मॉडेल) सात थर आहेतच. एक साधी तक्रार घ्या. तिसऱ्या मजल्यावरनं फोन येतो की नेट चालत नाही, तुम्ही लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही कमांड मारता आणि आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, दिसतो १६९.२५४ नं सुरू होणारा. इंटरव्ह्यूत हा प्रश्न मी स्वतः ढिगानं विचारलाय. आता सीसीएसटीवाल्याला एवढं कळायला हवं की डीएचसीपीकडनं, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेकडनं, आयपी मिळालेला नाही, म्हणून मशीननं स्वतःच एक लावून घेतलाय, मग केबल बघ, पोर्टची लाइट बघ, नाही जमलं तर वर कळव. नेटवर्क प्लसवाला कारणं पटापट मोजतो, स्कोप म्हणजे वाटायच्या आयपींचा साठा संपला असेल, पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) असेल, सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये म्हणजे नेटवर्कच्या दुसऱ्या तुकड्यात असून मधे हाक पोचवणारा रिले नसेल. सीसीएनएवाल्यानं स्विचवर लॉगिन करून ते शोधून दुरुस्त करायचं असतं, म्हणजे त्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर जाऊन आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस (मशीनची हाक डीएचसीपी सर्व्हरकडे पोचवणारी कमांड) टाकायचा, परत आयपी आला का बघायचं आणि कॉन्फिग सेव्ह करायची. तिघांना एकच गोष्ट माहितीये पण पगार तिसऱ्याला जास्त, कारण दुसऱ्याच्या हातात कमांड नाही.

म्हणून आपल्याकडे एचआरच्या डोक्यात सीसीएनएच बसलंय. हिंजवडी, खराडी नाहीतर ऐरोलीतल्या एनओसीची, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राची, जाहिरात काढून बघा, एल वन नेटवर्क इंजिनिअर, रोटेशनल शिफ्ट, सीसीएनए प्रिफर्ड. नेटवर्क प्लस लिहिलेलं क्वचित दिसतं. ते चांगलं की वाईट हा वेगळा वाद, पण रेझ्युमे आधी गाळणीतनं जातो आणि गाळणीत शब्द कुठला घातलाय ते महत्त्वाचं.

सीसीएनएचा सध्याचा पेपर २००-३०१, फेब्रुवारी २०२० पासनं. त्याआधी राउटिंग-स्विचिंग, सिक्युरिटी, वायरलेस अशा वेगवेगळ्या सीसीएनए होत्या, त्या मोडून एकच केली. ऑगस्ट २०२४ पासनं त्याची १.१ आवृत्ती चालू झाली, त्यात पपेट आणि शेफ ही ऑटोमेशनची टूल्स गेली, टेराफॉर्म आलं, एआयचं थोडंसं आलं. हे सांगायचं कारण म्हणजे अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड पुस्तकं स्वस्तात मिळतात आणि पोरं खूश होऊन घेऊन येतात, कव्हरवर २००-१२५ छापलं असेल तर गुपचूप परत ठेवा, ते मेलेल्या पेपरचं आहे. मार्कांचा भार बघाल तर आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, फंडामेंटल्स आणि नेटवर्क अ‍ॅक्सेसला २०-२०, सिक्युरिटीला १५, आणि पायथनच्या नावानं ज्याला सगळे घाबरतात त्या ऑटोमेशनला फक्त १०. त्यातही कोड लिहायचा नसतो, जेसन हा डेटा लिहायचा फॉरमॅट वाचता आला तरी बरंच निभतं.

वेळ १२० मिनिटं, आणि गंमत अशी की एकदा नेक्स्ट दाबलं की मागे जाता येत नाही. आपल्याला बोर्डापासनं सवय, अवघड सोडा शेवटी बघू, ती इथे चालत नाही. नेटवर्क प्लसमध्ये चालते. तिथे ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मापात ७२० ला पास, सध्याचा पेपर एन१०-००९, जून २०२४ चा. सिस्को पासिंग किती ते छापतच नाही, त्यामुळे कुणी क्लासवाला छातीठोक आकडा सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही तेवढाच विश्वास ठेवा.

पैशाचं बोलू. सीसीएनए ३०० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३५४, डॉलर ८५ चा धरला तरी तीस हजार झाले. नापास झालात तर पाच दिवस थांबून परत बसता येतं, पण फी परत पूर्ण. घरी हे आधीच सांगून ठेवा, नंतर सांगायला फार जड जातं, अनुभव आहे. नेटवर्क प्लसचा अमेरिकेतला दर ३५० डॉलरच्या वर आहे, भारतातला दर वेगळा असतो तो कॉम्पटियाच्या साइटवर बघा, पण स्वस्त म्हणावी अशी ती परीक्षा नाही. म्हणून दोन्हीचं पॅकेज ही कल्पनाच मला पटत नाही, अर्ध्याहून जास्त अभ्यास तोच आणि पैसे दोनदा. सीसीएसटी १२५ डॉलर, ५० मिनिटांचा पेपर. जेएनसीआयए २०० डॉलर.

मग नेटवर्क प्लस कुणी करावं? जे बाहेर आहेत किंवा नक्की चाललेत त्यांनी. अमेरिकेत हेल्पडेस्कच्या जाहिरातीत ए प्लस (कॉम्पटियाचीच कॉम्प्युटरची परीक्षा), नेटवर्क प्लस सर्रास लिहिलेलं असतं, शाळा, हॉस्पिटल, काउंटीची ऑफिसं वगैरे. तिथल्या संरक्षण खात्याच्या मान्य यादीतही ते आहे आणि या नावाला एवढं वजन येण्यामागे ते एक मोठं कारण, पण भुलू नका, ती कामं बहुतेक सिटिझन असलेल्यालाच मिळतात, इथनं सर्टिफिकेट घेऊन जाऊन त्या दारात उभं राहता येत नाही. एक मात्र कबूल करतो, राउटर-स्विच बनवणाऱ्या कुठल्याच एका कंपनीचं नसल्यामुळे त्यात केबलिंग, कनेक्टर, डॉक्युमेंटेशन, ट्रबलशूटिंगच्या पायऱ्या हे नीट शिकवलंय. ज्या ऑफिसात सिस्कोचा एकही बॉक्स नाही आणि सगळं तुम्ही एकटेच बघता तिथे ते जास्त कामाचं.

सीसीएसटीबद्दल थोडक्यात. बारावीत आहात, आयटीआय केलंय, किंवा नेटवर्किंग जमेल की नाही हेच माहीत नाही, तर आत्मविश्वासाला बरी. पण इंजिनिअरिंग झालेल्यानं ती करून त्याच्यावर नोकरी मागू नये, आणि तोच अभ्यास सिस्कोच्या नेटअ‍ॅकॅड साइटवर फुकट होतो, परीक्षा न देता.

जेएनसीआयए मला मनापासनं आवडते, फक्त पहिली म्हणून सुचवत नाही. जुनिपरचे बॉक्स आयएसपी (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या) आणि डेटा सेंटरकडे जास्त, साध्या ऑफिसात कमी. पण जुनोसमध्ये, म्हणजे जुनिपरच्या बॉक्सवरच्या सिस्टिममध्ये, कमिट कन्फर्म्ड नावाची चीज आहे, बदल केला आणि दहा मिनिटांत पुन्हा कमिट करून पक्का नाही केला तर राउटर आपोआप जुन्या कॉन्फिगवर जातो. रात्री अडीचला रिमोट साइटचा अ‍ॅक्सेस स्वतःच्या हातानं बंद करून बसलेल्या माणसाला याची किंमत विचारा, मी बसलोय, आणि तो बॉक्स जुनोसचा नव्हता. जुनिपर आता एचपीईची (हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ) झाली, २०२५ च्या जुलैत. त्यांच्या पोर्टलवर फुकट कोर्स आणि सराव चाचणी पास केली की परीक्षेवर सवलत असा प्रकार असायचा, तो चालू असेल तर चारीत सगळ्यात स्वस्त हीच पडते. आयएसपीत लागलात की दुसरं सर्टिफिकेट म्हणून बघा. सीसीएनए, जेएनसीआयए, नेटवर्क प्लस तिन्ही तीन वर्षांनी संपतात, हेही हिशोबात धरा.

क्लास लावायचा का? मी लावला होता, पुण्यात, ४५ हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. परीक्षेची फी त्यात नव्हती हे तिसऱ्या महिन्यात कळलं, आणि प्लेसमेंट म्हणजे त्यांनी दोन कॉल सेंटरचे पत्ते दिले. सगळे क्लास असे नसतात, काही मास्तर खरंच जीव तोडून शिकवतात, पण भरायच्या आधी तीन गोष्टी विचाराच, परीक्षेची फी धरलीये का, लॅब घरून वापरता येते का, आणि मागच्या बॅचमधल्या एखाद्याशी बोलता येईल का. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चारपाच वर्षं जुन्या लॅपटॉपवरही चालतं, खरा स्विच घ्यायची गरज नाही. तरी हौस असेल तर लॅमिंग्टन रोडला सिस्कोचा जुना २९६० स्विच मिळेल, फक्त त्याचा पंखा एवढा ओरडतो की घरचे दुसऱ्या दिवशी विकायला सांगतील.

डंप म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न पाठ करून पास होणारेही आहेत. त्यांना ओळखायला एकच प्रश्न पुरतो, १९२.१६८.१०.७७/२७ चं नेटवर्क सांग. ३२ चे गट, म्हणजे ६४ ला सुरू, ब्रॉडकास्ट ९५, मधले ३० आयपी वापरायला. कागद न घेता अर्ध्या मिनिटात हे आलं की परीक्षेची तारीख घ्यायला हरकत नाही, त्याच्या आधी नाही. आणि बुक करताना नाव ओळखपत्रावर आहे तस्संच टाका, आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आडनाव आधी असला घोळ असतो आणि सेंटरवरची माणसं त्यात काही ऐकत नाहीत.

मावसभावानं पॅकेज नाही घेतलं. रोज रात्री दीड तास बसतोय, मी सहा महिने धर म्हटलंय. परवा एक वाजता स्क्रीनशॉट पाठवला, दादा डीएचसीपी मिळतच नाहीये, सगळं बरोबर टाकलंय. हेल्पर-अ‍ॅड्रेस सर्व्हरच्या बाजूच्या इंटरफेसवर टाकला होता. मी काही बोललो नाही, नुसतं विचारलं की डीएचसीपीची हाक कुठल्या बाजूनं येते? अर्ध्या तासानं मेसेज आला, मिळाला.