जीएए ग्रीस: ओढतोफेच्या चाकांना उत्तम, उघड्या दात्यांना बेतानं, ब्रीचला अजिबात नाही

नाटो पद्धतीच्या ओढतोफेचं वंगणपत्रक उघडलं की जागोजागी तीन अक्षरं दिसतात: जीएए, म्हणजे 'ग्रीस, ऑटोमोटिव्ह अँड आर्टिलरी'. मानक एमआयएल-पीआरएफ-10924, नाटो संकेत जी-403, घट्टपणा एनएलजीआय 2 (ग्रीसचा घट्टपणा मोजायच्या श्रेणीत मध्यम), तापमानमर्यादा उणे 54 ते 180 अंश सेल्सिअस. ट्रक, ट्रेलर आणि तोफ तिघांना एकच डबा चालतो. थंडी पडली म्हणून हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) उघडून ग्रीस बदलत बसावं लागत नाही, आणि या मालाची खरी किंमत तिथेच वसूल होते. पाचपैकी चार गुण.

चाकांच्या टेपर रोलर बेअरिंगमध्ये हे ग्रीस सगळ्यांत उजवं ठरतं, भरणारा हात नीट असेल तर. जुनं ग्रीस सॉल्व्हेंटनं पूर्ण धुवा आणि बेअरिंग वाळू द्या. हवेच्या झोतानं ते गरगर फिरवू नका, कोरडे रोलर आणि रेस ओरखडतात. तळहातावर ग्रीस घेऊन रुंद बाजूनं दाबत राहा, दुसऱ्या टोकातून बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते अर्ध्यापर्यंतच. ठासून भरलं की ते घुसळून तापतं, पातळ होतं आणि ऑइल सील ओलांडून ब्रेक लायनिंगवर उतरतं. तेल मुरलेलं लायनिंग पुसून भागत नाही, बदलावंच लागतं. नट आवळताना चाक फिरतं ठेवा. आवळण्याचा आणि मागे सोडण्याचा आकडा त्या तोफेच्या पुस्तिकेतलाच घ्या. कॉटर पिन दर वेळी नवी.

तोफ काही किलोमीटर ओढल्यावर थांबून दोन्ही हबांजवळ हाताची मागची बाजू न्या. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एकच तापला असेल तर ग्रीसला दोष देण्याआधी चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. पुष्कळदा ब्रेक घासत असतो आणि शिव्या ग्रीस खातं.

उणीव एकच, पण महागात पडणारी: दुसऱ्या ग्रीसशी पटेलच असं नाही. बाजारातलं बरंचसं जीएए लिथियम कॉम्प्लेक्स या घट्टकावर (तेलाला घट्ट धरणाऱ्या पदार्थावर) बनतं. विमानांसाठीचं डब्ल्यूटीआर ग्रीस, नाटो संकेत जी-395, चिकणमातीच्या घट्टकावर. दोन्ही एका हबमध्ये गेली की मिश्रण मऊ पडून गळू शकतं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, पुरवठादार बदलला की रंगही बदलतो. डब्यावरचा संकेत वाचा.

ट्रेलची (तोफेला मागून टेकवणाऱ्या पायांची) बिजागरी, ब्रेकचा कॅम शाफ्ट अशा ग्रीस निपल असलेल्या जागी काम सोपं: निपल पुसा, मग गन लावा, कडेनं नवं ग्रीस डोकावलं की थांबा. सील असलेल्या जागी मात्र सावकाश दाबा, कारण हातगनचा दाबही सील उलटवायला पुरतो. ग्रीस आतच जात नसेल तर जोर लावू नका. निपल काढून वाट मोकळी करा. वाळलेलं ग्रीस किंवा चिखल अडकलेला असतो. नदीनाला पार केल्यावर बाहेर येणारं ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. वरून नवं भरून उपयोग नाही, हब उघडा.

तोफेच्या नळीला उंची देणाऱ्या कमानीच्या दात्यांवर पातळ थर पुरे. वाळू-धुळीत त्याची पॉलिश पेस्ट होते आणि दाते झिजतात. अशा प्रदेशात उघडे भाग किती कोरडे ठेवायचे हे पत्रकात वेगळं दिलेलं असतं. ब्रीच (नळीचं मागचं, गोळा भरायचं तोंड) आणि फायरिंग यंत्रणेत जीएए नकोच. तिथे सीएलपीसारखं (शस्त्रं साफ करणारं, वंगण देणारं, गंज रोखणारं) पातळ तेल, तेही पुसून घेतलेलं. रिकॉइलमधलं, म्हणजे गोळी सुटल्यावरचा मागचा धक्का झेलणाऱ्या यंत्रणेतलं, द्रव तर वेगळंच, तिथे या डब्याचा संबंध नाही.

पॅकिंगमध्ये 14 औंसांची, म्हणजे सुमारे 400 ग्रॅमची, काडतुसं घ्या. 35 पौंडी बादली वर्कशॉपमध्येच शोभते. मैदानात झाकण चार वेळा उघडलं की वरच्या थरात रेती आलीच, आणि तो थर खरवडून फेकावा लागतो. साठवणीत वर थोडं तेल सुटलेलं दिसलं तर घाबरू नका, ढवळलं की मिसळतं. डबा मात्र उभाच ठेवा.