डेंग्यूचं कॉम्बो कार्ड: रेघ बघतात, दिवस विचारत नाहीत

ऑगस्ट उजाडला की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त फाटणारं पाकीट म्हणजे डेंग्यूचं कॉम्बो कार्ड. दिवाळी होईपर्यंत हीच धामधूम. प्लास्टिकच्या एका तुकड्यावर दोन खिडक्या असतात: एका बाजूला एनएस-वन (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन), दुसऱ्या बाजूला आयजीएम आणि आयजीजी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं). कंपन्या भरपूर आहेत, खोकी रंगीबेरंगी आहेत, आतली मांडणी मात्र उन्नीस-बीसच्या फरकाने तीच. त्यामुळे इथे एका ब्रँडची बाजू घेण्यात अर्थ नाही. या जातीच्या वस्तूचंच परीक्षण करू.

निकाल आधीच सांगतो. एनएस-वनच्या खिडकीला पाचपैकी चार. आयजीएमला तीन. आयजीजीला दोन, आणि तेही हात सैल सोडून. आयजीजीची रेघ खोटी असते असं नव्हे, पण ती काय सांगते हे खोक्यातल्या कागदावर धड लिहिलेलं नसतं, आणि रिपोर्टवर तर मुळीच नसतं.

खोक्यात काय येतं? चांदीच्या रंगाच्या बंद पाकिटात कार्ड आणि सिलिका जेलची पुडी, ड्रॉपर, बारीक केशनळी किंवा लूप, आणि बफरची, म्हणजे नमुना पट्टीवरून वाहून नेणाऱ्या द्रावणाची कुपी. बहुतेक कार्डांत एनएस-वनच्या खड्ड्यात सीरमचे (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्याचे) दोन-तीन थेंब, म्हणजे साधारण १०० मायक्रोलिटर, टाकायचे असतात. अँटीबॉडीच्या खड्ड्यात फक्त १० मायक्रोलिटर सीरम आणि वरून बफरचे ठरलेले थेंब. वाचायची वेळ १५ ते २० मिनिटं. ब्रँड बदलला की थेंब बदलतात, म्हणून नवं खोकं उघडलं की आतला कागद वाचायचाच. गेल्या वर्षी दोन थेंब होते म्हणून यंदाही दोनच, हा हिशेब चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ या दोन खड्ड्यांच्या मापात होतो. एकीकडे १००, दुसरीकडे १०. गर्दीच्या वेळी त्याच ड्रॉपरने दोन्ही खड्डे भरले की अँटीबॉडीच्या बाजूला दसपट माल जातो, पट्टी मळकट-गुलाबी होते आणि फिकी रेघ त्यात बुडते. सीरमऐवजी थेट रक्त वापरलं आणि त्यातल्या लाल पेशी फुटलेल्या असल्या, तरी हेच. उलटी चूक जास्त छुपी आहे. सीरम टाकायचंच राहिलं आणि नुसतं बफर गेलं, तरी बऱ्याच कार्डांत कंट्रोलची रेघ झकास उमटते. कंट्रोल आली म्हणजे पट्टी ओली झाली आणि रंग वाहिला, एवढंच कळतं. नमुना पडला की नाही, त्याची साक्ष ती देत नाही. म्हणून कार्डावर पेनने नाव लिहायचं, मग सीरम, मग बफर, आणि हा क्रम मोडायचा नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. वीस मिनिटांनंतर पट्टी सुकायला लागते, वर शोषला गेलेला रंग मागे येतो आणि जिथे काही नव्हतं तिथे राखाडी सावली दिसते. जेवून आल्यावर पाहिलेलं कार्ड पॉझिटिव्ह वाटतं ते यामुळे. मात्र वेळेच्या आत दिसलेली फिकी रेघ ही रेघच असते, तिला ‘किंचित’ म्हणून सोडायचं नसतं. फिकी गुलाबी आणि राखाडी यांतला फरक ट्यूबलाइटखाली कळतो, मोबाइलच्या टॉर्चखाली नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या तपासणीच्या चिठ्ठीवर नाव, वय, गाव, डॉक्टरांचं नाव, पैसे जमा की बाकी, एवढं सगळं असतं. ताप येऊन कितवा दिवस, हा रकाना नसतो. आणि या कार्डाचा सगळा जीव त्याच एका आकड्यात आहे.

एनएस-वन हे विषाणूचंच प्रथिन आहे. विषाणू ज्या पेशींत वाढतो त्या पेशी ते रक्तात सोडतात, म्हणून ते तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकतं. पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या माणसात ते आठवडाभर, कधी नऊ दिवसांपर्यंतही टिकतं. आयजीएम ही शरीराची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार डेंग्यूच्या पेशंटपैकी निम्म्यांत ती तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत दिसते, पाचव्यापर्यंत ८० टक्क्यांत, दहाव्यापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. पुढे दोन-तीन महिन्यांत ती ओसरते. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ शून्य. आणि नवव्या दिवशी एनएस-वन निगेटिव्ह आलं, तर त्याचाही शून्यच.

दिवस मोजायचा तो पहिल्यांदा अंग तापलं तिथपासून. पेशंट मात्र ‘कालपासून ताप आहे’ असंच सांगतो, कारण मधे मेडिकलवरून गोळी घेतल्याने दोन दिवस उतरलेला असतो. डेंग्यूत ताप असा मधे उतरून परत चढतोही. नेमका वार काढायला सोपा प्रश्न आहे: बाजाराच्या दिवशी अंग गरम होतं का? आठवड्याचा बाजार कुणी विसरत नाही.

इथपर्यंत सगळं पहिल्या वेळच्या डेंग्यूचं झालं. मराठवाड्यातला प्रौढ पेशंट बऱ्याचदा पहिल्या वेळचा नसतो. २०१७-१८ मध्ये देशातल्या १५ राज्यांत झालेल्या रक्ततपासणीत ५ ते ४५ वयोगटातल्या ४८.७ टक्के लोकांत डेंग्यूच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या. १८ ते ४५ या वयात ५६.२ टक्के, आणि पश्चिम भागात सगळं मिळून ६२.३ टक्के. यातल्या कित्येकांना आपल्याला कधी डेंग्यू झाला होता हे माहीतही नसतं. आपल्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, मग ड्रम, रांजण, हौद सगळं भरून ठेवावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि ड्रमच्या काठाला चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहूनही मरत नाहीत. नुसतं पाणी ओतून पाळलेला ‘कोरडा दिवस’ (आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायचा दिवस) म्हणूनच फुकट जातो. काठ घासावा लागतो. डेंग्यूच्या विषाणूचे प्रकार चार. एका प्रकाराचा झाला की त्याच्यापुरतं संरक्षण कायमचं मिळतं, उरलेल्या तिघांपासून मात्र थोडेच दिवस. तोच ड्रम, तीच गल्ली, दुसरा प्रकार, असं चालतं.

दुसऱ्या वेळी कार्ड वेगळं वागतं, आणि हे खोक्यावर ठळक छापायला हवं होतं. शरीराकडे जुन्या संसर्गाची आठवण ठेवलेल्या पेशी तयार असतात. त्या आयजीजीचा लोंढा सोडतात, तोही आठवडा संपायची वाट न बघता. आयजीएम मागाहून येते, कमी येते, काहींत दिसतच नाही. रक्तातलं एनएस-वन आयजीजीला चिकटून बसतं, मग पट्टीवरच्या प्रतिपिंडाला धरायला ते मोकळं सापडत नाही आणि ती खिडकी लवकर निगेटिव्ह होते. त्यात कार्डावरचा रंग लावलेला अँटिजेन (अँटीबॉडी ज्याला चिकटतात तो विषाणूचा भाग) मर्यादित. आयजीजी भरपूर असली की तो तीच पळवते आणि उरलीसुरली आयजीएमची रेघ आणखी फिकी पडते.

आता चौथ्या-पाचव्या दिवशीचं असं कार्ड डोळ्यांसमोर आणा. एनएस-वन निगेटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह. आयजीजीची रेघ मात्र कंट्रोलच्या तोडीस तोड जाड. रिपोर्ट छापला जातो: ‘आयजीजी पॉझिटिव्ह, जुना डेंग्यू’. नातेवाईक हायसे होतात, त्यात नेमका ताप उतरलेला असतो, पेशंट घरी. वास्तविक तापाच्या पेशंटमधली ती जाड रेघ म्हणजे दुसऱ्या वेळच्या चालू डेंग्यूचा दाट संशय आहे, आणि धोक्याचे २४ ते ४८ तास ताप उतरताना सुरू होतात. त्या वेळी विषाणू ओसरत असतो. केशवाहिन्यांतून पाणी गळतं ते मुख्यतः शरीराच्याच प्रतिकाराच्या भरात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी त्यात भर घातली: एनएस-वन स्वतःही रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल करतं. ज्या प्रथिनाची आपण रेघ शोधतो, तेच गळती लावणाऱ्यांत सामील आहे.

जुन्या अँटीबॉडी नुसत्या बिनकामाच्या ठरत नाहीत, काही वेळा त्या फितूर होतात. प्रमाण मधलंच असेल, म्हणजे विषाणू निकामी करायला अपुरं पण त्याला चिकटायला पुरेसं, तर त्या विषाणूला मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दारात नेऊन सोडतात. डेंग्यूचे अमेरिकन संशोधक स्कॉट हॅल्स्टेड यांनी ही कल्पना काही दशकांपूर्वी मांडली. निकाराग्वातल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१७ मध्ये माणसांत तिला भक्कम पुरावा मिळाला. त्याच वर्षाअखेरीस पहिल्या परवानाप्राप्त डेंग्यू लशीबाबत कळलं, की आधी डेंग्यू न झालेल्या मुलांना ती दिल्यावर पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो. तेव्हापासून ‘आधी होऊन गेलाय का?’ हा प्रश्न लशीच्या संशोधनात कळीचा झाला. भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये देशी बनावटीच्या चारही प्रकारांवरच्या एका डोसाच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. दहा हजारांहून जास्त प्रौढ स्वयंसेवक, १९ केंद्रं.

त्यावरून आठवलं: ‘मला पूर्वी होऊन गेलाय का ते कार्डावर बघून द्या’ अशी मागणी लॅबमध्ये होते. देऊ नये. अनेक कॉम्बो कार्डांची आयजीजीची रेघ मुद्दाम चढ्या पातळीवर बेतलेली असते, म्हणजे दुसऱ्या वेळच्या ताज्या संसर्गातच ती उमटावी. दहा वर्षांपूर्वीच्या डेंग्यूची थोडकी आयजीजी तिला दिसत नाही. वर जपानी मेंदूज्वरासारख्या विषाणूंच्या भाऊबंदांची आयजीजी कार्डाला फसवते, ती वेगळीच.

खोक्यावरच्या ९५-९८ टक्के संवेदनशीलतेकडे (शंभर खऱ्या पेशंटपैकी कार्ड किती पकडतं त्या आकड्याकडे) त्यामुळे जरा तिरकं बघावं. हे आकडे बहुधा निवडलेल्या नमुन्यांवरचे असतात: आधीच पक्का डेंग्यू ठरलेले, बरेचसे पहिल्या काही दिवसांतले, प्रशिक्षित हातांनी वातानुकूलित खोलीत तपासलेले. पाचव्या दिवशी येणारा, दुसऱ्या वेळचा, चाळिशीचा शेतकरी त्या संचात किती होता, हे खोकं सांगत नाही. खरेदी करताना कंपनीच्या माणसाला विचारायचा प्रश्न हाच. किमतीची घासाघीस नंतर.

आयजीएमला तीनच गुण का, तर ती नको तिथेही उमटते. संधिवाताचा घटक (रुमेटॉइड फॅक्टर) रक्तात असला, मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिस असला, तरी खोटी रेघ येऊ शकते. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यूची आयजीएम आजच्या टायफॉइडच्या माथी येते. सांधे धरले असतील तर चिकुनगुनियाचा विचार आधी करावा. हा आजार आपल्याला नवा नाही: १९७३ मध्ये आपल्या वेशीवरच्या बार्शीत त्याची मोठी साथ होऊन गेली, आणि २००६ च्या लाटेत मराठवाड्यातली गावंच्या गावं काठी धरून चालत होती. अंगावर काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा ताप. त्याला डॉक्सिसायक्लिन लागते, आणि डेंग्यूच्या नादात ती राहून जाते.

पर्याय काय? एलायझा, म्हणजे अँटिजेन किंवा अँटीबॉडी प्लेटवर पकडून रंगावरून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी. सरकारी नोंदीत कार्ड पॉझिटिव्ह पेशंट ‘संशयित’च्या पुढे जात नाही, पक्का धरतात तो एनएस-वन किंवा आयजीएम एलायझाने. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं आयजीएम कॅप्चर किट सरकारी सर्वेक्षण प्रयोगशाळांना पुरवलं जातं. ९६ खाचांची प्लेट, तासातासाची उबवण, प्रत्येक टप्प्यानंतर धुणं, शेवटी ४५० नॅनोमीटरवर रंगाचं वाचन. अँटिजेन धरण्याआधी ही पद्धत रक्तातली आयजीएम वेगळी पकडते, म्हणून आयजीजीच्या लोंढ्याचा अडथळा तिला कमी होतो. अडचण एकच, वाट बघणं. दोन नमुन्यांसाठी प्लेट लावणं परवडत नाही, म्हणून नमुने साचेपर्यंत थांबतात, आणि रिपोर्ट येतो तेव्हा धोक्याचे दिवस उलटलेले असतात. पाचपैकी साडेचार गुणांची तपासणी, पण आजच्या रात्रीचा निर्णय तिच्यावर घेता येत नाही.

त्या रात्रीसाठी लागतं ते साधं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. लोक फक्त ‘पेशी किती’, म्हणजे प्लेटलेट किती, एवढंच विचारतात. पेशींबरोबर हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) बघा: मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वर चढलं आणि पेशी उतरल्या, तर पाणी गळतंय. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर कार्ड निगेटिव्ह असलं तरी दाखल करायचं. पेशी अचानक २० हजारांवर आल्या आणि माणूस टवटवीत असेल, तर स्लाइडवर गुठळ्या बघा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत पेशी एकमेकींना चिकटल्या की मशीन त्या मोजत नाही.

राहता राहिली साठवण. पाकिटावर बहुतेकदा २ ते ३० अंश छापलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला टेकतो, आणि पार्सल येतं ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. उन्हाळ्यात सवलतीच्या दरात घेतलेला साठा ऑगस्टपर्यंत कपाटात भाजतो. कंट्रोलची रेघच फिकी यायला लागली की समजायचं. म्हणून घ्यायचं ते जुलैत, दहा कार्डांचं खोकं, एकाच बॅचचं. फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर बंद पाकीट अर्धा तास बाहेर ठेवून मग फाडायचं, नाहीतर गार पट्टीवर दव धरतं. पाकीट फाडलं की तासाभरात कार्ड वापरायचं. आणि प्रत्येक पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं थोडं सीरम नाव, तारीख आणि तापाचा दिवस लिहून २ ते ८ अंशांत बाजूला ठेवायचं, म्हणजे एलायझाला पाठवायची वेळ आली तर पेशंटला परत टोचायला नको.