काँक्रीटवर रेघा मारायचा ३६ इंची फिनिशिंग ब्रूम, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

काँक्रीटसाठी वेगळा झाडू घेतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, घरातला खराटा काय वाईट आहे? वाईट काही नाही हो, पण खराट्याच्या काड्या कमीजास्त लांबीच्या असतात, एखादी खोल रुतते आणि बाकीच्या नुसत्या वरून जातात, मग स्लॅबवर रेघा उठत नाहीत, ओरखडे उठतात. आणि घर झाडायचा मऊ ब्रश घेतला तर त्याचं उलटंच, दोन ओढींत केसांमधे स्लरी, म्हणजे सिमेंटचा पातळ चिखल, भरते आणि तो लिंपत सुटतो. हा फिनिशिंग ब्रूम मी पार्किंगचा स्लॅब आणि त्याला लागून असलेला रॅम्प अशा दोन्ही ठिकाणी वापरला, त्यावरून लिहितोय.

वस्तू सांगायची तर ३६ इंच रुंद, नायलॉनचे केस, वर ॲल्युमिनियमची पट्टी, आणि दांडा ६ फुटी तुकड्यांचा, एकात एक अडकवून लांब करायचा. हातात आल्यावर सगळ्यात आधी तो सपाट फरशीवर केसांवर उभा करा आणि खाली वाकून आडवं बघा, मधे कुठे उजेड दिसला तर सरळ परत करा, कारण ती फट प्रत्येक ओढीला स्लॅबवर कोरा पट्टा सोडत जाणार. माझ्यातला सरळ निघाला. रेघ एकसारखी येते, खोलीही साधारण दीड-दोन मिमी, म्हणजे पाय घसरणार नाही आणि झाडताना धूळही अडकून बसणार नाही. नुसती चालायची वाट असेल तर घोड्याच्या केसांचा मऊ ब्रूम घ्या, त्याची रेघ बारीक येते. आणि चढ जास्त असेल तर याच्यापेक्षा कडक केसांचा बघा, तिथे ३ मिमीपर्यंत खोल रेघ गेली तरी चालते.

आता पाकिटाबद्दल. त्यावर झोकात लिहिलंय की एका ओढीत प्रोफेशनल फिनिश, पण ती ओढ मारायची कधी याबद्दल एक अक्षर नाही, आणि सगळा खेळ तर त्याचाच आहे. काँक्रीट ओतून पाट्याने ओढून फ्लोट (वरचा भाग सपाट करायची फळी) मारला की थोड्या वेळाने पाणी वर सुटतं आणि स्लॅब चमकायला लागतो. ही चमक जाईपर्यंत ब्रूमच काय थापीसुद्धा लावायची नाही, कारण ते पाणी वरच्या थरात घोळलं गेलं तर तो थर कच्चा राहतो आणि पुढे त्याची पावडर सुटते, पापुद्रे निघतात. काही गवंडी पाणी लवकर ओढून घ्यायला वरून कोरं सिमेंट भुरभुरतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. चमक गेली की कडेला एक हातभर ओढून बघायचं. केसांमागे रेघ परत मिटायला लागली किंवा केसांना गोळे चिकटून आले तर लवकर झालंय, थांबा. केस वरून खरखर करत नुसते घसरले तर उशीर झाला, आणि मग ब्रूमवर कितीही जोर देऊन उपयोग नाही.

ही वेळ सगळ्या स्लॅबला एकदम येत नाही हे मात्र प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पटत नाही. आमच्या पार्किंगची एक बाजू भिंतीच्या सावलीत आणि दुसरी उन्हात, तर उन्हातली ब्रूमला तयार झाली तेव्हा सावलीतली अजून चकाकत होती, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने पुढे जावं लागलं. वारा असेल तर आणखी फसगत होते, वरची साय सुकते आणि खालचं मऊच राहतं, मग ब्रूम ती साय फाडत जातो. आणि मिक्स पातळ असेल, स्लम्प (ओला माल साचा काढल्यावर किती खाली बसतो ते माप) १०० मिमीच्या बराच वर असेल, तर ही सगळी वाट बघणं लांबत जातं, तेव्हा माल सैल करायला वरून बादली ओतणाऱ्यावर आधी लक्ष ठेवा.

ओढायचं एकाच दिशेने, लांबच्या कडेपासून स्वतःकडे, मधे न थांबता. पुढे ढकलायचं नाही आणि मागे-पुढे तर अजिबात नाही. मधे थांबलात की तिथे आडवी वळी उठते आणि ती नंतर जात नाही. दुसरी ओढ पहिलीवर थोडी चढवून घ्या. ब्रूम जवळ येतो तसा दांडा उभा होत जातो आणि केसांची टोकं खुपायला लागतात, म्हणून दांडा हातातून मागे सरकवत राहायचा, वर उचलायचा नाही. शेजारी पाण्याची बादली हवीच, दर दोन-तीन ओढींनंतर केस धुवायचे आणि जोरात झटकायचे, कारण टपकणाऱ्या थेंबांचे ठिपके रेघांमधे स्पष्ट दिसतात. रॅम्पवर रेघा चढाला आडव्या घेतल्या, टायरला पकड मिळते. पार्किंगमधे मात्र उताराच्या दिशेने, पाणी रेघेतून निघून जातं. कडा आणि जॉइंटवर एजर (कड गोल करायची छोटी थापी) ब्रूमच्या आधी फिरवून घेतला होता, ज्यांना गुळगुळीत चौकट हवी त्यांनी नंतर परत एकदा फिरवावा, दिसायला छान दिसतं पण ओल्यात तीच पट्टी निसरडी होते, मला ती हौस नाही.

झाल्यावर ओलं गोणपाट टाकायची घाई करू नका, त्याची वीण रेघांवर उमटते. बोट दाबून ठसा येत नाही इतकं कडक झालं की टाका आणि निदान ७ दिवस ओलं ठेवा, नाहीतर क्युरिंग कंपाउंड, म्हणजे आतली ओल धरून ठेवणारं द्रावण, फवारा.

तक्रार एकच पण जोरदार, दांड्याचे जोड. खटका दाबून अडकवायची पिन आहे ती सैल आहे, तीन तुकडे जोडले की टोकाशी डोकं डुगडुगतं आणि रेघ नागमोडी जाते. जोडावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळली तेव्हा सरळ आली. शिवाय पिनच्या भोकात स्लरी जाऊन सुकली की तुकडे सुटतच नाहीत, तेव्हा काम संपल्यावर केसांच्या आधी जोड धुवा. धुतल्यावर ब्रूम केसांवर टेकवून ठेवू नका, केस एका बाजूला वाकून बसतात, खिळ्याला टांगा.

जास्त रुंद घेऊ का असं कोणी विचारेल तर ४८ इंची एकट्याने ओढायला जड आहे आणि ओढताना हलकासा तिरका झाला तरी एका टोकाची रेघ खोल जाते. अरुंद वाटेसाठी २४ इंचीच घ्या. पार्किंगला ३६ बरोबर आहे, फक्त दांडा दुसऱ्या बनावटीचा, आट्यांचा, आधीच बघून ठेवा.