भायखळ्यातील सहा सकाळी आणि ‘मोदे आनी’

भायखळा स्थानकापासून पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या सभागृहात यहुदी गूढपरंपरेतील सकाळच्या साधनेचा सहा दिवसांचा वर्ग नुकताच पार पडला. शनिवारी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे वर्ग रविवारी सुरू होऊन शुक्रवारी संपला. वेळ सकाळी साडेसहा ते आठ, शुल्क ३,६०० रुपये, लिफ्ट नाही. मन निवांत करणे आणि ‘मी’ची पकड सैल करणे, अशा दोन गोष्टी शिकवण्याचे आयोजकांनी कबूल केले होते. मी दुसऱ्या गोष्टीसाठी गेले होते. आमच्या कार्यालयात माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असलेली सहकारी फेब्रुवारीत माझी वरिष्ठ झाली, आणि तेव्हापासून रोज दात घासून होईपर्यंत मनातल्या मनात माझे तिच्याशी एक भांडण होऊन गेलेले असे.

शिकवणाऱ्या बाई बेने इस्रायली होत्या, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यांच्या पूर्वजांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत त्या मराठी यहुदी समाजातल्या, आणि त्यांची मराठी अस्सल अलिबागकडची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, जी जाहिरातीत कुठेही नव्हती: आपण जे शिकणार आहोत ते बहुतांशी अठराव्या शतकापासून पूर्व युरोपातील हसिदी, म्हणजे भक्तीवर भर देणाऱ्या यहुदी पंथाच्या, गुरूंनी घडवलेले आहे, आणि त्यांच्या आजीच्या घरात यातले फारसे काही नव्हते. आजीच्या घरी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, होत असे आणि मराठी कीर्तने होत असत. मांडवीतले शाआर हारहमीम सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, ज्याला लोक जुनी मशीद म्हणतात, ते १७९६ सालचे. म्हणजे हसिदी पंथ तिकडे पोलंड-युक्रेनमध्ये पसरत असताना इथले यहुदी स्वतःच्या वाटेने मुंबईत स्थिरावत होते. प्राचीनतेचा मुलामा देऊन वस्तू विकणे सोपे असते. बाईंनी ते टाळले, हे मला फार आवडले.

वर्गाचा पाया ‘मोदे आनी’ हे बारा हिब्रू शब्दांचे वाक्य आहे. झोपेतून जाग येताच, अंथरुणातच, हात धुण्याआधी ते म्हणायचे असते. त्यात देवाचे नाव येत नाही, म्हणून न धुतलेल्या हातांनीही ते चालते. रात्री ठेव म्हणून दिलेला आत्मा करुणेने परत केल्याबद्दल त्यात ‘राजा’चे, म्हणजे देवाचेच, आभार मानलेले आहेत. हे वाक्य १५९९ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका प्रार्थनाविषयक पुस्तकात प्रथम दिसते. बाईंनी दाखवलेली खरी गंमत शब्दांच्या क्रमात आहे. ‘मोदे’ म्हणजे आभार मानणारा आणि ‘आनी’ म्हणजे मी. दिवसाचा पहिला शब्द कृतज्ञतेचा, आणि ‘मी’ त्याच्या मागून येतो. स्त्रीने ‘मोदा’ म्हणायचे, जसे आपण ‘मानतो’च्या जागी ‘मानते’ म्हणतो.

आणि नेमकी इथेच आयोजकांनी वाटलेल्या पत्रकाने माती खाल्ली. त्यावर मराठी भाषांतर छापले होते: ‘मी तुझे आभार मानतो’. ‘मी’ पुन्हा पहिल्या जागी, तोही पुल्लिंगी, आणि वर्गात चौदांपैकी अकरा बायका. मराठीत तर ‘मी’ उच्चारण्याचीही सक्ती नाही. ‘आभार मानते’ एवढे म्हटले तरी कोण मानते ते क्रियापदच सांगते. जी भाषा ‘मी’ला घराबाहेर ठेवूनही वाक्य पूर्ण करू शकते, तिच्यात हे भाषांतर करताना एवढी तरी काळजी घ्यायला हवी होती. मी ते निदर्शनास आणून दिले, बाई हसल्या आणि त्यांनी फळ्यावर ‘आभारी आहे मी’ असे लिहिले. पत्रक मात्र शेवटपर्यंत तेच राहिले.

हात धुण्याच्या विधीवर एक पूर्ण तास गेला, आणि तो सत्कारणी लागला. दोन कानांचे भांडे उजव्या हाताने उचलून डाव्या हातात द्यायचे, आधी उजव्या हातावर पाणी घालायचे, मग डाव्या, पुन्हा उजव्या, असे आलटून पालटून प्रत्येक हातावर तीनदा. दोन कानांचे भांडे मुंबईत कुठे शोधायचे, या प्रश्नावर बाईंनी साधा तांब्या पुढे केला. उशाशी तांब्या आणि खाली परात ठेवून पाच दिवस मी हे घरी केले. सहा वेळा पाणी पडेपर्यंत हात गुंतलेले राहतात, आणि गुंतलेल्या हातांना मोबाइल उचलता येत नाही, हा फायदा परंपरेत सांगितलेला नसला तरी माझ्यासाठी सर्वांत मोठा ठरला. सकाळी उठून तळव्यांकडे पाहणाऱ्या आपल्या घरांना यात परके वाटण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या सकाळी ‘हष्कता’, म्हणजे शांतवणे, ही पद्धत झाली. ती पोलंडमधील पियासेच्नो गावचे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, कालोनिमस काल्मान शापिरा यांची. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी यहुद्यांना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, शिकवत राहिलेल्या या रब्बींची १९४३ साली नाझींनी हत्या केली. स्वप्न हा भविष्यवाणीचा साठावा अंश आहे, असे तालमूद हा यहुदी धर्मग्रंथ म्हणतो. झोपेत ‘मी’ गप्प असतो म्हणूनच हे शक्य होते, तेव्हा जागेपणीही त्याला थोडा वेळ गप्प बसवता आले पाहिजे, असा शापिरांचा विचार. त्यासाठी विचारांशी झटापट करायची नाही, ते येताना-जाताना नुसते पाहायचे. त्यांनी सुचवलेला एक उपाय घड्याळाच्या काट्याकडे बघत राहण्याचा आहे, जो हलताना जवळजवळ दिसतच नाही. सभागृहातल्या भिंतीवरचे घड्याळ बंद होते, म्हणून मी मनगटावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा पाहत बसले. तो आठवरून नऊवर जाईपर्यंत माझ्या मनात ती सहकारी तीनदा येऊन, कुणी भांडायला नाही असे पाहून, परत गेली.

चौथी सकाळ वाया गेली. दहा सफिरोतची, म्हणजे देवाच्या प्रकट होण्याच्या दहा रूपांची, रंगीत आकृती पडद्यावर दाखवून दीड तासात सगळी कब्बाला, म्हणजे यहुदी गूढविद्या, उरकण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो बाईंनी नव्हे तर आयोजकांच्या एका पाहुण्याने केला. चाळिशी उलटल्याशिवाय आणि मूळ ग्रंथांचा पाया पक्का झाल्याशिवाय कब्बालेला हात लावू नये, असा जुना दंडक आहे; त्यामागचे कारण त्या दिवशी मला पटले. मधल्या वेळेत दाराशी लाल दोऱ्यांचे टेबल लागले, एक दोरा ३५० रुपयांना. दृष्ट लागू नये म्हणून बांधायच्या दोऱ्याचा ‘मी’ सोडण्याशी काय संबंध, असे विचारल्यावर विक्रेत्याने मला दोन घेतल्यास सवलत देऊ केली.

पाचव्या दिवशी ‘बित्तूल’, म्हणजे स्वतःला शून्यवत करणे, हा विषय निघाला. ‘आनी’ म्हणजे मी आणि ‘आयिन’ म्हणजे काहीच नसणे. हिब्रूत दोन्ही शब्दांत अलेफ, नून आणि योद हीच तीन अक्षरे आहेत, फक्त क्रम बदलतो, हे मेझेरिचचे हसिदी गुरू दोव बेर यांच्या नावाने सांगितले जाते. म्हणजे ‘मी’ पुसून टाकायचा नाही, त्याची मांडणी बदलायची. याच ओघात पोलंडमधील हसिदी गुरू सिम्खा बुनिम यांची दोन चिठ्ठ्यांची गोष्ट आली: एका खिशात ‘माझ्यासाठी जग निर्माण झाले’, दुसऱ्यात ‘मी धूळ आणि राख आहे’, आणि जशी गरज पडेल तशी त्यातली एक वाचायची. माझ्या कुडत्याला एकही खिसा नाही, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या मी लोकलच्या पासच्या पाकिटात एकमेकींना पाठ लावून ठेवल्या. धुळीची चिठ्ठी रोज लागेल असा माझा होरा होता. प्रत्यक्षात बैठकीला जाण्यापूर्वी मी दुसरीच वाचली, आणि मग सहकारीचे अभिनंदन करून टाकले, जे फेब्रुवारीपासून राहून गेले होते.

शेवटची सकाळ ‘हित्बोददूत’ची. ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान यांनी सांगितलेली ही साधना म्हणजे एकांतात देवाशी बोलणे, आणि तेही हिब्रूत नव्हे, रोजच्या बोलीत, कारण सवय नसलेल्या भाषेत मन मोकळे होत नाही. त्यांच्या लोकांची बोली यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील यहुद्यांची भाषा, होती. आम्हाला अर्थातच मराठीत बोलायचे होते. सगळ्यांना गच्चीवर पाठवले, एकमेकांकडे पाठ करून. पहिली दहा मिनिटे माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग बाईंनी सांगितलेले आठवले, की काहीच सुचले नाही तर नाखमान एकच हाक पुन्हा पुन्हा मारायला सांगतात, आणि मी ‘देवा’ एवढेच म्हणत राहिले. विठ्ठलाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’ हा प्रश्न पडत नाही. त्यामुळे एकदा सुरुवात झाल्यावर खाली लोकलची ये-जा चालू असताना मी बरेच बोलले.

शुल्क मला जास्त वाटले नाही, पण चौथ्या सकाळचे ६०० रुपये परत मिळाले असते तर घेतले असते. आयोजक पहाटे पाचपासून गटावर सुविचार पाठवतात, तो गट आधीच मूक करून ठेवावा. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी बाई स्वतः सगळे दिवस शिकवणार आहेत ना, हे विचारून मगच पैसे भरावेत, आणि बसताना रस्त्याकडेची खिडकी टाळावी. सव्वासात वाजता खाली पाण्याचा टँकर येतो आणि त्याची मोटार वीस मिनिटे चालते.