सुपरकोलायडर : संगीताचे नियम लिहिणाऱ्यांसाठी

संगणकाकडून तयार धून वाजवून न घेता धून घडवण्याचे नियमच त्याला सांगायचे असतील, आणि संगीत चालू असताना ते बदलायचेही असतील, तर सुपरकोलायडर ही ध्वनिनिर्मितीची संगणकप्रणाली मला सर्वांत समर्थ साधन वाटते. जेम्स मॅककार्टनी यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. २००२ पासून ते मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते.

आवाज निर्माण करणारा सर्व्हर आणि संगीतकार जिच्यात लिहितो ती भाषा हे यातील दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत व ते ओएससी (संगीताच्या प्रोग्रामांमधील संदेशवहनाची एक पद्धत) संदेशांद्वारे एकमेकांशी बोलतात. त्यामुळे एखादी ओळ सुधारून पुन्हा चालवली तरी चालू असलेला नाद खंडित होत नाही. मायक्रोफोनमधून आलेल्या गायनाचा स्वर ओळखून त्यावरून पुढची साथ ठरवण्याची सोयही त्यात मुळातच आहे.

हिंदुस्थानी संगीत जाणणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पारखून घ्यावी. यातील स्वरसप्तकांच्या यादीत तोडी, पूर्वी, मारवा, भैरव, अहिर भैरव ही नावे पाहून आनंद होतो. पण मारवा रागात पंचम वर्ज्य असताना ‘मारवा’ निवडला की त्यात पंचमही येतो, म्हणजे हाती लागतो तो थाट (सात स्वरांचा नुसता संच), राग नव्हे. स्वरांची यादृच्छिक निवड करणाऱ्या पॅटर्नला (स्वरांचा क्रम ठरवणाऱ्या नियमाला) हे सप्तक दिले तर पंचम बेधडक लागतो आणि मारव्याची ओळखच पुसली जाते. पंचम वगळणे सोपे आहे. कोमल ऋषभ आणि धैवत यांना त्यांचे स्थान देणारे, षड्ज टाळत टाळत जाणारे चलन (रागाची स्वरांमधून जाण्याची रीत) मात्र आपल्यालाच लिहावे लागते. कोणत्या स्वरानंतर कोणते स्वर येऊ शकतील हे ठरवू देणारा ‘पीएफएसएम’ हा पॅटर्न त्यासाठी फार उपयोगी आहे. शिवाय मूळची स्वररचना समान बारा भागांची असल्याने शुद्ध गांधार ५:४ या गुणोत्तराच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांतील अंतराचा शंभरावा भाग) चढा लागतो, आणि तंबोऱ्यासोबत तो खटकतो; म्हणून साध्या गुणोत्तरांवर आधारलेली ‘जस्ट’ ही स्वररचना आवर्जून निवडावी.

चूक झाल्यावर येणारे संदेश लांबलचक आणि दुर्बोध असतात, ही यातील मोठी उणीव आहे. एखादा आकडा चुकला तर आवाज एकदम कर्कश होऊ शकतो, म्हणून हेडफोन लावण्यापूर्वी आवाज कमी ठेवावा. शाळकरी मुलांना सुरुवात सॅम अ‍ॅरन यांच्या सॉनिक पाय या सोप्या संगीत-प्रोग्रामवर करू द्यावी. त्यातही आवाज निर्माण करतो तो सुपरकोलायडरचाच सर्व्हर.